महागडं घड्याळ कुठून घ्यायचं? आधी ते उघडणार कोण, ते ठरवा

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका मुलानं विचारलंय. हाच प्रश्न महिन्यातून एकदा तरी माझ्या काउंटरवर येतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

मुलगा बेंगळुरूला नोकरीला आहे, घर इथं. वडील येत्या मे महिन्यात साठ पूर्ण करतात. त्यांना एक चांगलं स्विस ऑटोमॅटिक घड्याळ द्यायचंय, बजेट दोन ते अडीच लाख. दाजी दुबईला असतात, ते म्हणतात, "मी आणतो, स्वस्त पडेल." पुण्यातला मामेभाऊ म्हणतो मॉलमधून घे. आणि इन्स्टाग्रामवरच्या एका डीलरनं तेच मॉडेल "फक्त दोनदा घातलेलं" म्हणून एक लाख साठ हजारांना दाखवलंय. तो विचारतो, "काका, यातलं कुठून घेऊ?"

आमचं दुकान खडेबाजारच्या बाजूच्या एका बोळात आहे. वडिलांनी सुरू केलं, मी 1991 पासून बसतो. मी घड्याळं विकत नाही, दुरुस्त करतो. म्हणून तुम्ही कुठून घेता यात माझा पैशाचा संबंध नाही, पण घेतलेलं घड्याळ चार-पाच वर्षांनी माझ्याच टेबलावर येतं. तेव्हा ज्या गोष्टी हाताबाहेर गेलेल्या असतात, त्या मला घ्यायच्या आधी सांगायच्या आहेत.

सगळ्यात पहिली गोष्ट. चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ हे सेलवर चालणाऱ्या घड्याळासारखं नसतं. आत शंभराच्या वर भाग असतात, माणकांच्या खळग्यांत तेलाचा अगदी बारीक थेंब असतो. ते तेल सुकतं. सुकलं की धातूवर धातू घासतो, आणि घड्याळ चालू असतानाच आतून झिजत जातं. बाहेरून काही कळत नाही. म्हणून ओमेगा पाच ते आठ वर्षांनी सर्व्हिसिंग करा म्हणते, रोलेक्स साधारण दहा वर्षांनी. तुमचे बाबा आज साठचे. देवाच्या कृपेनं पुढची वीस-पंचवीस वर्षं ते घड्याळ हातात राहील. म्हणजे तीनदा तरी ते पूर्ण उघडावं लागेल. विकत घ्यायचं काम एका दुपारचं आहे, उघडायचं काम वीस वर्षांचं. तेव्हा कुठून घ्यायचं हे ठरवण्याआधी ते कोण उघडणार आहे, ते ठरवा. माझ्या सगळ्या उत्तराचा पाया हाच आहे.

"तुम्हीच उघडा की काका," असं तुम्ही म्हणाल. मला आवडेल, पण खरं सांगतो. माझ्याकडे हात आहे, हत्यारं आहेत, घड्याळाची चाल मोजणारी टायमिंग मशीन आहे. सुटे भाग नाहीत. रोलेक्स, ओमेगा, लाँजिन्स अशा कंपन्या त्यांची मान्यता नसलेल्या कारागिराला भाग देत नाहीत. आत एटीए किंवा सेलिटा या स्विस कंपन्यांची साधी मशीन असेल तर भाग बाजारात मिळतात, ते काम मी निश्चिंतपणे करतो. टिसोच्या पॉवरमॅटिक 80 या मशीनमध्ये मात्र वेग कमीजास्त करायची नेहमीची पट्टीच नसते, आणि काही आवृत्त्यांत एस्केपमेंट, म्हणजे चाकांना ठरल्या तालात सोडणारा भाग, कृत्रिम पदार्थाचा असतो. ओमेगाचं को-अॅक्सियल एस्केपमेंट तर 1999 पासून बाजारात आहे, पण त्याचा एक भाग खराब झाला तर मी हात वर करण्यापलीकडे काही करू शकत नाही. आमच्या वडिलांच्या वेळी असं नव्हतं. एचएमटीचा कुठलाही भाग पेटीत असायचा. आताची महागडी घड्याळं कंपनीच्या दारातच परत जातात, आणि ते दार बेळगावात नाही.

म्हणजे आपल्याला अंतर मोजावं लागतं. बेंगळुरू पाचशे किलोमीटर, मुंबई जवळजवळ तितकीच, पुणे साडेतीनशेच्या आत. कोल्हापूर-हुबळी जवळ आहेत, पण या किमतीच्या घड्याळाची पूर्ण सर्व्हिसिंग तिथंही होत नाही. तिथं दिलेलं घड्याळ पार्सल होऊन पुढंच जातं.

आता सीमेवरच्या माणसाची सवय. निपाणीत डिझेल भरून मगच कागल ओलांडायचं, अमुक वस्तू गोव्याहून आणायची, तमुक कोल्हापुरातून, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. पलीकडे काहीतरी स्वस्त असणारच, असं आपण धरून चालतो. पेट्रोल-डिझेलवर राज्याचा कर वेगळा म्हणून तिथं ते खरंही आहे. घड्याळावर जीएसटी आहे, आणि तो बेळगाव, पुणे, पणजी, बेंगळुरू सगळीकडे 18 टक्केच. छापील किंमतही देशभर सारखी. फरक पडतो तो दुकानदार आपल्या नफ्यातून किती सोडतो एवढ्याच गोष्टीनं. त्यामुळे मामेभाऊ म्हणतो म्हणून पुण्याला जाण्यात करापुरता काही फायदा नाही. अधिकृत दुकानदार बहुतेक ब्रँडवर थोडीफार सूट देतात, विचारायला लाजू नका. सोन्याच्या पेढीवर मजुरीसाठी घासाघीस करतोच ना आपण! रोलेक्सवर मात्र सूट विसरा. तिथं आवडतं मॉडेल मिळायलाच नंबर लावावा लागतो.

दाजींचं म्हणणं बघू. दुबईत किंमत कमी का दिसते? तिथं व्हॅट फक्त 5 टक्के आहे, आणि आयात करही आपल्यापेक्षा पुष्कळ कमी. आपल्याकडे स्विस घड्याळावर वर्षानुवर्षं 20 टक्के आयात कर, त्या करावर 10 टक्के अधिभार, आणि या सगळ्यावर जीएसटी असा थर बसत आला. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार एफ्टा (युरोपियन मुक्त व्यापार संघटनेच्या) देशांमधला करार 10 मार्च 2024 ला झाला, 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला, आणि त्यात स्विस घड्याळांवरचा कर टप्प्याटप्प्यानं उतरवायचं ठरलं आहे. काहीजण मला विचारतात, मग थांबू का? कर उतरला म्हणून दुकानातली किंमत तेवढीच उतरेल असं धरू नका, कंपन्या दर वर्षी भाव वाढवतच असतात. आणि बाबांची साठी काही थांबणार नाही.

दुबईहून आणताना लोक दोन गोष्टी विसरतात. पहिली, व्हॅटचा परतावा पर्यटकाला मिळतो, तिथं राहणाऱ्याला नाही. दाजी तिथले रहिवासी असतील तर त्यांना तो मिळणार नाही. दुसरी, विमानतळावरचा कर. 2016 च्या बॅगेज नियमांनुसार सूट 50 हजारांची होती आणि त्यावरच्या रकमेला अधिभार धरून 38.5 टक्के कर. अडीच लाखांच्या घड्याळाचा त्या हिशेबानं 77 हजार रुपये कर झाला. सूट आणि दर दोन्ही अधूनमधून बदलले जातात, म्हणून तिकीट काढायच्या आधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर ताजे आकडे बघा. "हातात घालून आलं की कोण विचारतंय," असं सांगणारे पुष्कळ भेटतील. कोरं घड्याळ हातात घातलं म्हणून वापरलेलं होत नाही. पकडलं गेलं तर कर तर जातोच, वर दंड, आणि बाबांच्या साठीला घड्याळ कस्टम्सच्या कपाटात. मला हे बरं वाटत नाही. वडिलांना द्यायच्या वस्तूचं बिल स्वच्छ असावं.

कर रीतसर भरून आणायचं असेल तर दुबईला माझी ना नाही. अधिकृत दुकानातून घेतलं, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख नीट पडली, तर बहुतेक मोठ्या स्विस ब्रँडची वॉरंटी आंतरराष्ट्रीय असते, भारतातलं सर्व्हिस सेंटर ती मानतं. पण हिशेब मांडून बघा. कर भरल्यावर जे दहा-पंधरा हजार उरतील, कदाचित तेही उरणार नाहीत, त्यासाठी घड्याळ दुसऱ्यानं निवडलेलं, मनगटावर घालून न बघितलेलं, आणि पट्टा सैल म्हणून बदलायलाही दुकान समुद्रापलीकडे. जाता जाता एक सांगतो. बाबा पुढं कधी तिकडं लेकीकडे गेले, तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून घड्याळाचा निर्यात दाखला करून घ्या. मग परत येताना कोणी कर मागत नाही.

आता इन्स्टाग्रामवरचं घड्याळ. इथं मला जास्त वेळ लागणार आहे, कारण सगळ्यात जास्त माणसं इथं फसतात. फसलेली माणसं मूर्ख नसतात. शिकलेली, चौकस, चार ठिकाणी भाव विचारून आलेली असतात.

गेल्या जुलैत, पाऊस अगदी कोसळत असताना, खानापूर तालुक्यातले एक शिक्षक आले. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला हिरवा डबा काढला. आत घड्याळ, कार्ड, छोटी पुस्तिका, सगळं होतं. म्हणाले, "पळूलालंय काका, रोज पाऊण मिनिट पुढं जातंय." एका ऑनलाइन डीलरकडून घेतलेलं, आठ महिने झालेले. निवृत्तीच्या पैशातून स्वतःला घेतलेली ती एकच वस्तू होती त्यांची.

मी आधी झाकणाकडे बघितलं. झाकणाच्या कडेला खाचा असतात, त्यात चावी बसवून ते फिरवतात. तिथं तीन जागी बारीक ओरखडे होते, चावी निसटल्याचे. म्हणजे कंपनीच्या बाहेर कुणीतरी घाईत उघडलेलं. झाकण काढलं. रबराची रिंग चपटी होऊन दोन ठिकाणी तडकलेली. भिंग लावलं तर स्क्रूच्या डोक्यांवर, खाचेच्या दोन्ही कडांना, धातू उचललेला दिसला. स्क्रूड्रायव्हर मापाचा नसला की असं होतं. क्राउनची, म्हणजे वेळ लावायच्या बटणाची, दांडी बाहेर काढली, तर तिच्या मधल्या भागावर तपकिरी गंज, चहाची भुकटी चिकटावी तसा. टायमिंग मशीनवर लावलं. बॅलन्सचा, म्हणजे आत मागं-पुढं झुलणाऱ्या चाकाचा, झोका निरोगी घड्याळात 270 अंशांच्या पुढं असतो, इथं 190. मग मी डायल बघितली. अक्षरं थोडी जाड होती, आणि तळाशी जी बारीक ओळ असते तिच्या कडा शाईनं फुगलेल्या. डायल पुन्हा छापलेली होती.

शेवटी कार्ड घेतलं. कार्डही खरं, डबाही खरा. फक्त कार्डावरचा नंबर आणि केसवरचा, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या अंगावरचा, नंबर शेवटच्या दोन आकड्यांत वेगळा. दुसऱ्या कुठल्यातरी घड्याळाचं कार्ड याच्याबरोबर दिलेलं. मास्तरांनी आठ महिन्यांत ते दोन नंबर शेजारी ठेवून कधी बघितलेच नव्हते. ठेवावेत असं कुणी सांगितलंही नव्हतं. डीलरला फोन लावला तर तो म्हणाला, विकताना ठीक होतं. माझ्या समोर बसून ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

मशीन खरी होती, एवढं बरं. सर्व्हिसिंग करून चालू केलं, आता ते दिवसाला पाच-सहा सेकंदांच्या आत असतं. पण घड्याळाची जी किंमत त्यांनी मोजली, ती कधी परत येणार नाही.

म्हणून वापरलेलं घ्यायचंच असेल तर माझ्या काही अटी आहेत. "फक्त दोनदा घातलेलं" या शब्दांना काही किंमत देऊ नका. चेनच्या क्लिपच्या आतल्या बाजूचे ओरखडे बघा, ती बाजू मेजावर घासते आणि किती वापर झाला ते तिथंच दिसतं. कार्डावरचा आणि केसवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा, फोटोवर नाही. रोलेक्स असेल तर जुन्या घड्याळात नंबर सहाच्या बाजूला, चेन काढल्यावर दोन कानांच्या मधे असतो, आणि नव्यात काचेच्या आतल्या कडेवर कोरलेला असतो. पहिल्या मालकाचं बिल मागा. नाही म्हणाले तर का नाही ते विचारा, आणि उत्तर देताना आवाज बदलतो का तेही ऐका. पैसे देण्याआधी घड्याळ एखाद्या कारागिराकडे उघडून बघू द्याल का, असं विचारा. इमानदार डीलर हो म्हणतो, फार तर त्याच्यासमोर उघडायची अट घालतो. जो "सील तुटेल" म्हणून नकार देतो, त्याच्याकडून घेऊ नका. अशा घड्याळाला सील नसतंच. झाकण असतं आणि रबर असतं.

हे मी शिकलो ते चुकीतून. बऱ्याच वर्षांपूर्वी शहापूरच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी जुनं घड्याळ दाखवून विचारलं, घेऊ का. गिऱ्हाइकांची गर्दी होती. मी कानाला लावलं, टिकटिक स्वच्छ वाटली, "घ्या" म्हणालो. तीन महिन्यांनी ते बंद पडलं. आत पाणी गेलेलं होतं आणि वर नुसतं तेल मारून ठेवलेलं. ते मला एक शब्द बोलले नाहीत, पण पुन्हा दुकानात आले नाहीत. तेव्हापासून झाकण उघडल्याशिवाय कुठल्याही घड्याळाला मी चांगलं म्हणत नाही.

अगदी नकली घड्याळांबद्दलही दोन शब्द. पूर्वी फर्स्ट कॉपी हातात घेतली की कळायची, हलकी लागायची, सेकंद काटा उड्या मारायचा. आता आतली मशीनसुद्धा नक्कल करून बनवतात. वजन बरोबर, काटा सरकता, तारखेवरचं भिंगही नीट मोठं करणारं. काउंटरवर उभं राहून नुसत्या नजरेनं मीही छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून ब्रँडच्या बाहेरून घेताना वस्तूपेक्षा विकणाऱ्याकडे जास्त बघा. त्याला पक्का पत्ता आहे का, जीएसटीचं बिल देतो का, परत घेण्याची लेखी मुदत देतो का. मोठ्या दुकानदारांनी आता जुनी घड्याळं तपासून, वॉरंटीसह विकायचे विभाग काढलेत. तिथं भाव इन्स्टाग्रामपेक्षा चढा असतो, पण त्या जास्तीच्या पैशात झाकण उघडून बघितल्याची जबाबदारी येते. तुमच्या बाबतीत मात्र मी जुनं सुचवणार नाही. नव्वद हजार वाचले असं वाटेल, पण साठीच्या समारंभात दिलेली वस्तू वर्षभरात माझ्या टेबलावर उघडी पडलेली बघणं बाबांना सोसायचं नाही.

मोठ्या ऑनलाइन साइटवरही एक फसगत होते. घड्याळ खरं असतं, पण अधिकृत विक्रेत्याचं नसतं. पानाच्या तळाशी "सेलर वॉरंटी" असं लिहिलेलं असतं. म्हणजे बिघडलं तर कंपनी बघणार नाही, तो विक्रेता बघणार, आणि तो दोन वर्षांनी कुठं असेल ते त्यालाच ठाऊक. ब्रँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावर अधिकृत दुकानांची यादी असते, गावानुसार. ती उघडा, दुकानाचं नाव त्यात आहे का बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

त्या यादीत बेळगावचं दुकान असेल, तुमच्या मनातला ब्रँड तिथं मिळत असेल, तर माझं पहिलं मत आपल्या गावालाच. काउंटरवरचा माणूस ओळखीचा, वॉरंटीत काही झालं तर पाठवणं-आणणं त्यांच्या जबाबदारीवर, बाबांना स्वतः जाऊन बसता येतं. यादी बघितल्याशिवाय मात्र नाही. बाहेर ब्रँडची पाटी लावलेली असते आणि माल दुसरीकडून आणलेला असतो, असंही होतं.

तुम्ही सांगितलेल्या बजेटमध्ये, तुमच्या परिस्थितीत, मी बेंगळुरूच म्हणेन. तुम्ही तिथं राहता. सर्व्हिस सेंटर त्याच शहरात असतं. दोन-तीन शनिवार दुकानं फिरा, एमजी रोड, यूबी सिटी, जिथं जमेल तिथं, आणि लगेच घेऊ नका. बाबा एकदा तिकडं आले तर त्यांच्या मनगटावर घालून बघा. सरप्राइज द्यायचं असेल तर त्यांच्या आत्ताच्या घड्याळाच्या पट्ट्याचं माप घेऊन जा. रात्रीच्या गाडीनं निघालात की सकाळी घरी. आणि वीस वर्षांत जेव्हा जेव्हा ते उघडायची वेळ येईल, तेव्हा तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कोणीतरी ते हातानं देऊन हातानं परत आणू शकेल. कुरिअरनं पाठवायची वेळ न आलेली बरी. आलीच तर विमा उतरवून पाठवा, पाकिटावर "घड्याळ" लिहू नका, आणि पाठवायच्या आधी चारही बाजूंचे फोटो, नंबर दिसेल असे, काढून ठेवा. सर्व्हिस सेंटरला कन्नड, हिंदी, इंग्रजी काहीही चालतं, पण ते जी जॉब शीट देतात ती सही करण्याआधी पूर्ण वाचा. केस पॉलिश करायची की नाही, हे तिथं लिहून द्या. पॉलिशमध्ये केसच्या धारदार कडा गोल होतात, आणि गेलेला धातू परत येत नाही. मी तर "पॉलिश नको" असंच लिहायला सांगतो.

मॉडेलबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण इथला पाऊस मी ओळखतो म्हणून सांगतो. डायलवर 30 मीटर लिहिलेलं घड्याळ पोहायचं नसतं, स्कूटरवरून जुलैच्या पावसात भिजायचंही नसतं. बाबा सकाळी फिरायला जाणारे असतील तर 100 मीटरचं आणि क्राउन स्क्रूनं बसणारं बघा. दुकानात त्यांच्यासमोर क्राउन एकदा उघडून घट्ट करून दाखवा. घड्याळात पाणी जातं ते बहुतेक वेळा वेळ लावल्यावर क्राउन उघडा राहिल्यानं.

पैसे देताना. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं दुकानदाराला कायद्यानं मना आहे, आणि दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो. कुणी "रोख द्या, बिल दोन तुकड्यांत करतो" म्हणालं तर नको म्हणा. वॉरंटी, विमा, पुढं कधी विकायची वेळ, सगळं त्या एका बिलावर उभं असतं. दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर 22 एप्रिल 2025 पासून दुकानदार 1 टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच गोळा केलेला प्राप्तिकर, घेतो, तो रिटर्न भरताना वळता होतो. तुमच्या बजेटला त्याचा संबंध नाही.

काउंटरवरून उठायच्या आधी एवढं करा. घड्याळ हातात घ्या, नंबर वाचा. कार्डावरचा तोच आहे का बघा, बिलावरही तोच लिहून घ्या. कार्डावर खरेदीची तारीख आणि दुकानाचा शिक्का, किंवा डिजिटल कार्ड असेल तर ते तुमच्यासमोर सुरू करून घ्या. रोलेक्स, ओमेगा, ट्युडर पाच वर्षांची वॉरंटी देतात, काही ब्रँड दोनच वर्षांची, आणि ती त्या तारखेपासून मोजतात. तारीख कोरी सोडली तर सुरुवात कुठून धरायची यावर पुढं वाद होतो. मनगटाच्या मापाला चेनच्या कड्या काढतील, त्या काढलेल्या कड्या आणि पिना पाकिटात घालून मागून घ्या. पुष्कळजण त्या दुकानातच विसरतात, मग वजन वाढलं की सुटी कडी मिळता मिळत नाही.

आणि एक विनंती. तुम्ही लिहिलंय की बाबांच्या हातात आत्ता एचएमटी सोना आहे, लग्नातलं. एचएमटीनं 1961 मध्ये बेंगळुरूला सिटिझनच्या मदतीनं घड्याळं बनवायला सुरुवात केली, 2016 मध्ये घड्याळांचा कारखाना बंद झाला. आता ऑनलाइन जी रंगीबेरंगी एचएमटी विकतात, त्यातल्या पुष्कळांची डायल नव्यानं छापलेली असते. बाबांचं तसं नाही. एकाच मालकाच्या हातात राहिलेलं, मूळ डायलचं सोना आता सहज मिळत नाही. नवं घड्याळ आलं की जुनं कपाटात जाऊन तेल सुकेपर्यंत पडून राहतं. तसं करू नका. मेच्या आधी एका शनिवारी ते माझ्याकडे आणून द्या, त्याचे भाग अजून माझ्या वडिलांच्या पेटीत आहेत. धुऊन, तेल घालून, आठ दिवस टायमिंगला ठेवून देतो.